सदतीसवर उघडणारी घडी

पहाटे ५.३०

उठल्यावर मी आधी लॅबचा फ्रीज उघडते, मग चहा ठेवते. घराच्या पुढच्या खोलीतच माझी लॅब आहे. फ्रीजमध्ये रक्तगटाची सिरम, विडालची किट, साखर तपासायची द्रावणं असतात. आतल्या थर्मामीटरवर दोन ते आठच्या मधला आकडा दिसला पाहिजे. आज चार आहे. खोलीत सत्तावीस. कोपऱ्यातल्या इन्क्युबेटरवर सदतीस. वहीत तीन रकाने, तीन आकडे. बावीस वर्षं झाली या वहीला.

जुलैचा पहिला आठवडा. रात्री पाऊस येऊन गेला, अंगणात अजून थेंब गळताहेत. धामणगावकडे जाणारी पहिली एसटी चिखल उडवत गेली. सासूबाई माठात पाणी भरताहेत, आणि मी उकळून ठेवलेलं पातेलं तसंच बाजूला आहे. त्यांचं म्हणणं नेहमीचंच, "थंडगार पानी हाय, त्याले काय होते?"

माझा या गावातला अर्धा जन्म या एका वाक्याशी भांडण्यात गेला. थंड म्हणजे चांगलं, थंड म्हणजे निर्धोक, हे आपल्या मनात फार खोल रुजलंय. जंतूचं मात्र तसं नाही. लिस्टेरिया नावाचा एक जीवाणू आहे, फ्रीजच्या चार अंशांतही तो सावकाश वाढतो. फक्त त्या थंडीत तो आपली हत्यारं बाहेर काढत नाही. २००२ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या योर्गेन योहान्सन आणि पास्काल कोसार यांच्या गटाने त्याचं कारण दाखवलं. तीस अंशांच्या खाली त्याचा एक आरएनए धागा स्वतःवरच घडी घालून बसतो. सदतीसला ती घडी उलगडते, आणि मग रोग करणारी प्रथिनं तयार व्हायला लागतात. सदतीस म्हणजे आपलं अंग. थंड पाण्यातला जंतू मेलेला नसतो, मिटलेला असतो. सासूबाईंना हे अजून मला पटवता आलेलं नाही.

सकाळी ६.३०

हे शेतावर निघाले. खालच्या अंगाच्या तुकड्यात सोयाबीन नीट उगवलं नाही, तेवढं आज पुन्हा पेरायचं आहे. ओसरीत ताडपत्रीवर बियाणं पसरलंय आणि त्यावर गुळाच्या पाण्यात कालवलेली काळी पूड हे हलक्या हाताने चोळताहेत. रायझोबियमचं पाकीट, अडीचशे ग्रॅम, दहा किलो बियाण्याला एक. पाकिटावर छापलेलं असतं: थंड जागी ठेवा, उन्हात ठेवू नका. चोळलेलं बी सावलीतच सुकवायचं. बोटं काळी होतात आणि ती काळी बोटं पाहिली की मला एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही.

त्या पुडीतला जीवाणू ब्रॅडिरायझोबियम जॅपोनिकम. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणारा, हवेतला नत्र पिकाला देणारा, आपला मित्र. जमीन तापली की त्याच्या पेशीतली प्रथिनं विस्कटायला लागतात आणि त्यांना सावरायला त्याला वेगळी प्रथिनं चटकन बनवावी लागतात. माती तापली हे त्याला कळतं कसं? झुरिकमध्ये फ्रांत्स नारबरहाउस आणि त्यांचे सहकारी याच प्रश्नामागे होते. २००१ साली त्यांनी दाखवून दिलं की या जीवाणूत थर्मामीटर म्हणून वेगळा अवयव नाही, वेगळं प्रथिनही नाही. जनुकाचा निरोप घेऊन निघालेला आरएनएचा धागाच थर्मामीटर आहे. गार असेपर्यंत तो गाठ मारून बसतो, ऊन लागलं की सुटतो.

पुण्याला जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या पुतण्याने तो लेख मला मोबाइलवर पाठवला होता. अर्धा कळला, अर्धा त्याला विचारून घेतला. पण तेव्हा जो आनंद झाला तो अजून आहे. यवतमाळ जिल्ह्यातली माणसं दर जूनमध्ये बोटं काळी करून जो जीव मातीत पेरतात, त्याच्याच पोटात हे सापडलं होतं. पुढे हेच नारबरहाउस कॉलऱ्याच्या आणि प्लेगच्या कुळातल्या जीवाणूंपर्यंत पोचले. तिथेही तीच घडी होती.

सकाळी ८.००

उपाशीपोटी साखर तपासायला आलेले पाच जण बाकावर. मग तापाचे. आज तीन.

आमच्याकडे एक मजेशीर दुभाषीपणा चालतो. माणसाचा ताप फॅरनहाइटमध्ये आणि यंत्रांचा सेल्सिअसमध्ये. "एकशे दोन होता मॅडम राती," असं पोराची आई सांगते आणि मी मनात तो अडतीस पॉइंट नऊ करून घेते. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा म्हणजे सदतीस. इन्क्युबेटरवर जो आकडा आहे तोच निरोगी माणसाच्या जिभेखाली आहे, हे शिकाऊ पोरींना मी पहिल्याच दिवशी सांगते. इन्क्युबेटर सदतीसवर का लावतात? कारण ते माणसाचं पोट आहे, काचेच्या दाराचं.

पोराचं रक्त घेतलं. सीबीसी, मलेरियाची स्लाइड, विडाल. डॉक्टरांनी चिठ्ठीवर एवढंच लिहिलंय. रक्ताचं कल्चर करायचं असेल तर बाटली यवतमाळला जाते.

सकाळी ९.४५

जलसुरक्षक आला. हा तरणा पोरगा ग्रामपंचायतीचं पाणी सांभाळतो. टीसीएल म्हणजे क्लोरीनची पावडर टाकणं, ओटी टेस्ट करून पाण्यात क्लोरीन आहे का ते पिवळ्या रंगावरून पाहणं, रजिस्टर भरणं हे त्याचं काम. काल त्याने सहा बाटल्या आणून दिल्या होत्या. हायड्रोजन सल्फाइडच्या त्या छोट्या बाटल्या, आत औषध लावलेली कागदाची पट्टी. गावातल्या पाण्याने खुणेपर्यंत भरायची आणि उबेला ठेवायची. पाण्यात विष्ठेतले जंतू असले तर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पाणी काळं पडतं. पावसाळ्यातल्या गार दिवसांत उशीर होतो, म्हणून तो माझ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायला आणतो.

मी काचेचं दार उघडलं. ऊब तोंडावर आली. चार बाटल्या जशाच्या तशा, फिकट. दोन काळ्या. नुसत्या मळकट नव्हे, शाईसारख्या काळ्या, पट्टी आत दिसेनाशी झालेली.

"कोन्त्या जी ताई?"

"शाळेजवळची विहीर. आणि खालच्या मोहल्ल्याचा नळ."

"मी तं परवाच टीसीएल टाकलं होतं."

"पोतं केव्हा फोडलं होतं?"

तो जरा थांबला. "महिना झाला असन. पडवीत हाय. तोंड बांधलं नाही कोनी."

उघड्या पोत्यातली टीसीएल हळूहळू निकामी होते, क्लोरीन उडून जातो आणि मागे चुना राहतो. ओल लागली तर आणखी लवकर. पांढरी पूड दिसते म्हणून माणूस टाकत राहतो. त्यात पोराचा दोष नाही, त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी त्याला नवं पोतं मागवायला सांगितलं, आणि ते येईपर्यंत त्या विहिरीचं पाणी उकळूनच प्यायला आशाताईंना घरोघर सांगू दे म्हटलं. तो फटफटीवर बसून गेला.

सकाळी ११.३०

बेंबळा धरणाकडच्या रस्त्याला एका गावी घरी जाऊन रक्त घ्यायचं होतं, म्हातारी उठू शकत नाही. स्कुटीवर निघाले. दोन्ही बाजूंना नुकती वर आलेली कपाशी, दोन-दोन पानांची. सगळीकडे डवरणीची तयारी.

रक्त घेऊन झालं तर शेजारच्या घरातून हाक आली. चार वर्षांचं लेकरू, पहाटेपासून सात-आठ वेळा जुलाब. आजी मांडीवर घेऊन बसलेली. डोळे जरा खोल गेलेले, पण जीभ ओली, हाक मारली की बघत होतं. मी डॉक्टर नाही, नाडी बघून औषध देत नाही. जलसंजीवनीचं पाकीट पिशवीत नेहमी असतं, ते उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात कालवून दिलं, चमच्याचमच्याने पाजत राहायला सांगितलं आणि त्याच्या बापाला आताच्या आता दवाखान्यात न्यायला लावलं.

जाताना विहीर बघितली. आजी मागून म्हणाली, "व माय, काचेवानी पानी हाय आमच्या विहिरीचं. गारेगार. त्याच्यानं काय होते?"

रहाटाच्या कठड्यावर ओले पाय देऊन बाया पाणी ओढत होत्या. पावसाचं पाणी उताराने कठड्याच्या फटीतून आत झिरपलेलं स्पष्ट दिसत होतं, ओल्या मातीचा एक पट्टा थेट आत गेलेला. मी पाण्यात बोट घातलं. काचेसारखं खरंच. आणि गार.

दुपारी १.३०

भाकर, वरण, अंबाडीची भाजी. जेवताना डोक्यात ते काचेसारखं पाणी.

कॉलऱ्याचा जंतू, व्हिब्रिओ कॉलरी, मूळचा पाण्यातलाच. खाडीत, नदीमुखात, शेवाळावर, बारीक कोळंबीसारख्या जिवांच्या अंगावर तो गुण्यागोविंदाने राहतो. तिथे त्याला विष बनवायची गरजच नाही. विष बनवणं म्हणजे खर्च, आणि पोटापाण्याला उपयोग नसलेला खर्च कुठलाच जीव करत नाही. ते विष नेमकं काय करतं हे जगाला कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवलं. सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात जंतू नसलेला, फक्त त्यांनी सोडलेला रस घातला, तरी आतडं पाण्याने तट्ट फुगलं. म्हणजे रोग जंतूच्या अंगात नाही, त्याने सोडलेल्या विषात आहे. माणूस भाताच्या पेजेसारखा जुलाब करत सुकून जातो तो त्या विषाने.

मग पाण्यात मुकाट राहणारा जंतू पोटात गेल्यावर विष सोडायला लागतो, त्याला पत्ता लागतो कुठून? थोडं आतलं सांगते. जनुक म्हणजे मूळ दस्त. त्यावरून एक नक्कल निघते, ती आरएनए. या नकलेवर रायबोसोम येऊन बसतो आणि नक्कल वाचत वाचत प्रथिन विणतो, मागावर कापड विणावं तसं. पण त्याला बसायला नकलेच्या सुरुवातीला एक ठरावीक जागा लागते. कॉलऱ्याच्या जंतूत टॉक्सटी नावाचं एक प्रथिन आहे. ते विषाचं जनुक चालू करतं, आणि आतड्याला चिकटायला लागणारे केसासारखे धागेही. या टॉक्सटीच्या नकलेत नेमकी ती बसायची जागा घडीत झाकलेली असते. घडीच्या एका बाजूला आरएनएचं यू हे अक्षर ओळीने चार वेळा, ती अक्षरं रायबोसोमच्या जागेला चिकटून बसलेली. ही पकड मुद्दाम सैल ठेवलेली आहे. वीसला घट्ट, सदतीसला सुटणारी. २०१४ साली वेबर, कोर्टमान, नारबरहाउस आणि क्लोजे यांनी हे दाखवलं. घडी सुटली की रायबोसोम बसला, टॉक्सटी झालं, आणि मागोमाग विष.

ऊब हा एकच इशारा नाही हेही सांगायला हवं. आतड्यातलं पित्त, बायकार्बोनेट, आम्लाचं प्रमाण, सगळ्यांचा हिशेब जंतू करतो. पण ऊब सगळ्यांत आधी लागते. घोट गिळला की काही मिनिटांत पाणी अंगाच्या उबेला येतं. विहिरीतलं पंचवीस-सव्वीसचं पाणी पोटात गेल्यावर सदतीस होतं. आजीच्या काचेसारख्या पाण्यात कॉलराच होता असं मी म्हणत नाही, जुलाबाची कारणं पुष्कळ असतात. पण २०२२ च्या जुलैमध्ये शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत कॉलऱ्याने माणसं गेली, आणि बोट उघड्या विहिरीकडेच गेलं. मेळघाट इथून फार लांब नाही.

दुपारी ३.१०

लाईन गेली.

इन्क्युबेटरचा लाल दिवा विझला. आत लघवीची दोन कल्चर आणि काळ्या न झालेल्या चार बाटल्या आहेत, त्या उद्यापर्यंत ठेवायच्या. अशा वेळी पहिला नियम म्हणजे दार उघडायचं नाही. दुसरा, जुनी सतरंजी पेटीभोवती गुंडाळायची. मग काचेतून थर्मामीटर बघत राहायचं. सदतीस. वीस मिनिटांनी छत्तीस. तीन चाळीसला पस्तीस.

पारा असा उतरताना मला शिगेला आठवतो. आव-रक्ताच्या हगवणीचा जंतू. कियोशी शिगा यांनी १८९७ साली जपानमध्ये तो शोधला. शंभराच्या आत जीवाणू गिळले तरी माणूस आजारी पडू शकतो, इतका तो चिवट. १९८४ साली मॉरेली आणि सहकाऱ्यांनी एक साधा, सुंदर प्रयोग केला. हेच जंतू तीस अंशांवर वाढवले, तर ते माणसाच्या पेशीत शिरेनात. तेच सदतीसला नेले आणि काही तासांत शिरायला लागले. जंतू तोच, जनुकं तीच, फक्त सात अंशांचा फरक. त्याची युक्ती घडीची नाही, वाकण्याची आहे. गार असताना त्याचा डीएनए एका ठिकाणी वाकलेला असतो आणि त्या वाकावर एक प्रथिन कुलपासारखं बसलेलं असतं. बत्तीस अंशांच्या वर वाक सैलावतो, कुलूप निसटतं आणि आतलं जनुक मोकळं होतं. तेच जनुक पुढे बाकीच्यांना हाका मारतं.

म्हणजे माझ्या पेटीत आत्ता चौतीस आहे. अजून दोन अंश उतरलं तर...

चार वाजता लाईन आली.

दुपारी ४.३०

यंत्र बंद होतं म्हणून अहवालासाठी एक म्हातारे बाबा तसेच बाकावर बसून राहिले होते. पंच्याऐंशीच्या पुढचे. मी चहा दिला. काळ्या बाटल्यांकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, हे काय. मी सांगितलं. मग तेच सांगायला लागले.

"माही आजी सांगे. पलेग आला का आधी उंदीर मरत. घरात उंदीर मेलेला दिसला का त्याच दिवशी गाव सोडाचं. वावरात खोपड्या बांधून राहत सारे. हिवाया असाच काढाचा. उनाया लागला का मंग परत घरी."

"उन्हाळ्यात का परत?"

"उनायात पलेग कमी होये ना जी. आमचा उनाया काय कमी असते?"

हे म्हातारीचं शहाणपण पुस्तकांत नंतर आलं. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला, आणि पुढे वर्षानुवर्षं हा रोग देशभर फिरत राहिला. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, १० मार्च १८९७. त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी स्वतः बनवलेली लस आधी स्वतःलाच टोचून घेतली होती. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत उंदराच्या अंगावरच्या पिसवेवर बोट ठेवलं. नंतर हिंदुस्थानात प्लेगवर जे मोठं संशोधन झालं त्यात हेही नोंदलं गेलं की हवा फार तापली की साथ बसते. का, ते कळायला मात्र बराच काळ गेला.

प्लेगचा जंतू, यर्सिनिया पेस्टिस, दोन घरांत राहतो. एक पिसवेचं पोट, वीस ते सव्वीस अंशांचं. दुसरं उंदराचं किंवा माणसाचं अंग, सदतीसचं. पिसवेच्या पोटात, गारव्यात, तो चिकट लगदा बनवतो. त्या लगद्याने पिसवेच्या घशाशी बूच बसतं. रक्त आत जात नाही, पिसू उपाशी राहते, वेड्यासारखी चावत सुटते आणि प्रत्येक चाव्यात अडलेलं रक्त जंतूंसकट ओकते. बॅकट आणि मार्टिन यांनी १९१४ साली हे बूच प्रत्यक्ष पाहिलं. पुढे १९९६ मध्ये बी. जोसेफ हिन्नेबुश यांच्या गटाने त्यामागची जनुकं दाखवली. आणि हवा अठ्ठावीसच्या वर गेली की हे बूच टिकत नाही. बाबांच्या आजीचा उन्हाळा हाच.

पण चावा बसला आणि जंतू सदतीसच्या अंगात आला की त्याचं सगळं रूप पालटतं. लगदा बंद. त्याच्याऐवजी अंगाभोवती एक पातळ आवरण, ज्यामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशींना त्याला गिळता येत नाही. सुईसारखी एक नळी, तिच्यातून तो आपल्या पेशींमध्ये प्रथिनं टोचतो आणि त्यांना जागच्या जागी लुळं करतो. आणि तिसरी गोष्ट, जी वाचताना माझ्या अंगावर काटा आला. त्याच्या बाहेरच्या भिंतीत एक मेदाचा रेणू असतो. गारव्यात त्याला सहा शेपट्या, आणि असा सहा शेपट्यांचा रेणू आपल्या शरीराच्या पहारेकऱ्याला चटकन ओळखू येतो. सदतीसला जंतू तो चार शेपट्यांचा करतो. पहारेकरी ओळखतच नाही. साथीच्या काळात घरातला माणूस सकाळी धडधाकट आणि दोन-तीन दिवसांत गेलेला, त्याच्यामागे हेही आहे.

यातली ती सुईसारखी नळी सुरू करणारं मुख्य प्रथिन एलसीआरएफ. त्याच्या नकलेवर पुन्हा तीच घडी, तेच चार यू. प्लेगच्या जवळच्या भाऊबंद जीवाणूत २०१२ साली ती नीट उलगडून दाखवणाऱ्यांत पेत्रा डेर्श आणि आपले सोयाबीनवाले नारबरहाउस होते. शिवाय गारव्यात एक दुसरं प्रथिन याच जनुकावर दाब देऊन बसलेलं असतं, ते ऊब लागली की मोडून जातं. दोन कड्या, दोन्ही एकाच उबेने सुटणाऱ्या.

बाबांना यातलं थोडंसं सांगितलं. पिसवेच्या घशातल्या बुचाची गोष्ट त्यांना फार आवडली. म्हणाले, "म्हंजे आजी खरं बोले." मी हो म्हटलं. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीडच्या मामला गावात प्लेगचे रोगी निघाले आणि पाठोपाठ सुरतेत घबराट उडाली, तेव्हा बाबा पन्नाशीच्या पुढे होते. तेव्हाही त्यांना आजीच आठवली होती.

संध्याकाळी ७.००

समोरच्या घरातली पोरगी बारावीला आहे, डॉक्टर व्हायचं म्हणते. रोज तासभर माझ्याकडे बसते. आज विचारलं, "काकू, डोळे नाहीत, मेंदू नाही, मग त्याले गरम कसं समजते?"

टेबलावर तिच्या वडिलांचं एसटीचं तिकीट पडलं होतं, कंडक्टरच्या मशीनचं, गुळगुळीत कागदाचं. मी उकळता चहा स्टीलच्या पेल्यात ओतला आणि पेला तिकिटावर ठेवला. अर्ध्या मिनिटाने उचलला. तिकिटावर पेल्याच्या बुडाएवढं करडं-काळं वर्तुळ उमटलं होतं. यवतमाळ ते बाभुळगाव ही अक्षरं त्यात बुडून गेली होती.

"याच्यात डोळे आहेत का?"

"नाही."

"ज्यावर निरोप लिहिलाय तोच कागद ऊब ओळखतो. जंतूचा आरएनए तसाच."

ती बराच वेळ तिकीट बघत राहिली. मग म्हणाली, "पण हे आता पुन्हा पांढरं होनार नाही ना?" तिचं बरोबर होतं, आणि माझ्या तोंडून निघायच्या आधी तिनेच ते धरलं. तिकीट एकदा काळं ते कायमचं काळं. जंतूची घडी मात्र गार झालं की पुन्हा बसते, उबेत पुन्हा उघडते, पाहिजे तितक्या वेळा. तिच्या वहीच्या पानाची एक पट्टी फाडून आम्ही घडी घातली, एका बाजूला चार वेळा यू लिहिला, दुसऱ्या बाजूला रायबोसोमची जागा. ती पट्टी मिटून-उघडून बघत बघत ती घरी गेली. तिकीटही घेऊन गेली.

रात्री ९.००

दिवसभरातलं दूषित सगळं एका डब्यात जमा होतं. रक्ताच्या नळ्या, प्लेट, सकाळच्या त्या दोन काळ्या बाटल्या. ऑटोक्लेव्ह म्हणजे जाड बुडाचा मोठा कुकरच. पाणी घातलं, डबा ठेवला, झाकणाचे स्क्रू समोरासमोरचे एकेक करून आवळले. काटा पंधरा पौंडांवर आला की आत एकशे एकवीस अंश. तिथून वीस मिनिटं मोजायची.

वाफेचा आवाज ऐकत उभी होते तेव्हा मोबाइल वाजला. जलसुरक्षकाने फोटो पाठवला होता, मागोमाग फोन. पलीकडून विहिरीच्या रहाटाचा आवाज येत होता.

"ताई, नवं पोतं भेटलं. संध्याकाळी टाकलं. तासाभरानं ओटी केली. पिवळं आलं पाहा."

फोटोत टॉर्चच्या उजेडात एक काचेची नळी, आत फिकट पिवळं पाणी. मागे त्याचा अंगठा.

"दोन्ही ठिकाणी केलीस?"

"विहिरीवर केली. नळाचं सकाळी करतो."

"लेकराचं काय झालं, धरणाकडच्या?"

"दवाखान्यात हाय. सलाईन लावलं. आताच त्याचा बाप भेटला, म्हने पानी मागून राहिलं."

"उकळलेलं द्या म्हणावं."

"सांगितलं जी."

कोपऱ्यातल्या खोक्यातून दोन कोऱ्या बाटल्या काढल्या. एकीवर 'शाळेजवळची विहीर' लिहिलं, दुसरीवर 'खालचा मोहल्ला, नळ'. तो सकाळी घ्यायला येईल. ऑटोक्लेव्हची अजून सात मिनिटं बाकी होती.